चिखलदरा, गाविलगड आणि वैराट सफारी एका दिवसात: क्रम चुकू नये म्हणून

चिखलदऱ्याचा दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा सकाळी आठच्या आतच. गाडी अमरावतीहून उशिरा निघते, परतवाड्यात नाश्त्याला तासभर जातो, घाटात वानरांसोबत फोटो होतात आणि वर पोचेपर्यंत सकाळची सफारी निघून गेलेली असते. मग दुपारच्या फेरीची चौकशी, तीही भरलेली. मग "चला, निदान पॉइंट तरी पाहू". आणि संध्याकाळी पाच वाजता गाविलगडाच्या वनचौकीवर हुज्जत: "इतक्या लांबून आलोय भाऊ, अर्ध्या तासात जाऊन येतो."

अर्ध्या तासात गाविलगड होत नाही. शांतपणे पाहायचा तर तीन तास हवेत, आणि तेही उजेडाचे.

एका दिवसात डोंगर, किल्ला आणि जंगल तिन्ही नीट बघता येतात, कारण चिखलदऱ्यात ते एकमेकांना लागून आहेत. गाविलगड किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतच आहे आणि वैराटच्या जंगल सफारीसाठी गाव सोडून दूर जावं लागत नाही. फक्त दिवसाची खुंटी एकच ठेवायची: सफारीची वेळ. बाकी सगळं तिला अडकवायचं. खालचा क्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरून दिला आहे. उन्हाळा आणि पावसाळ्यातले बदल शेवटी आहेत.

आधी यादी कापा

"चिखलदरा एक दिवस" म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये सेमाडोह, कोलकास, नरनाळा, मुक्तागिरी आणि वर चिखलदऱ्याचे दहा-बारा पॉइंट असतात. ही यादी ज्याने केली त्याने घाट नकाशावरच पाहिला असावा.

नरनाळा पूर्ण वगळा. तो स्वतंत्र दिवसाचा किल्ला आहे आणि वाट अकोटकडून आहे. सेमाडोह-कोलकासलाही वेगळा मुक्काम द्या. सिपना नदीकाठचं ते जंगल धावत पाहण्यात अर्थ नाही. मुक्तागिरी परतवाड्याहून जवळ आहे, पण तिथे पायऱ्या आहेत. गाविलगड चढून आलेले पाय संध्याकाळी त्या पायऱ्यांना तयार नसतात.

उरतं ते असं: सकाळी वैराट सफारी, मग गाविलगड, मग दोन पॉइंट, आणि अंधाराआधी घाट खाली.

टप्पा १: बुकिंग, आणि त्यातही प्रवेशद्वार

सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. वनविभागाच्या संकेतस्थळावर "मेळघाट" निवडलं की खाली बरीच प्रवेशद्वारं दिसतात: चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल, शहानूर वगैरे. लोक तारीख रिकामी दिसेल ते दार घेतात आणि मुक्काम चिखलदऱ्यात करतात. नकाशावर चिखलदरा आणि शहानूर जवळजवळ दिसतात. प्रत्यक्षात मधे जंगल आहे, आरपार रस्ता नाही. घाट उतरून परतवाडा, अंजनगाव, अकोट असा वळसा घालून शहानूरला जावं लागतं. पहाटेच्या सफारीसाठी हा वळसा शक्य नाही.

१. आधी तारीख नको, आधी दार. या दिवसासाठी चिखलदऱ्याचं दार, वैराटची फेरी.

२. सकाळची फेरी घ्या. दुपारची घेतली तर ती संपता संपता अंधार पडतो आणि घाट रात्री उतरावा लागतो.

३. नावं ओळखपत्रावर आहेत तशीच भरा. "बंटी", "ताई", "काका" ही नावं फाटकावर चालत नाहीत. वनरक्षक यादी हातात घेऊन एकेक नाव आणि आधार कार्ड जुळवतो, आणि मागे चार जिप्स्या हॉर्न न वाजवता ताटकळत असतात.

४. प्रवेश शुल्क, जिप्सीचं भाडं आणि मार्गदर्शकाचं मानधन ही तीन वेगळी खाती आहेत. ऑनलाइन त्यांतलं काय भरलं आणि फाटकावर काय रोख द्यायचं, हे पावतीवर वाचून ठेवा. फोटोसाठी मोठी लेन्स असेल तर तिचं शुल्क वेगळं असू शकतं, तेही तिथेच पाहा.

५. साप्ताहिक सुट्टी प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाची निराळी असते. ताडोब्याला गेला होतात म्हणून तिथला वार इथे लावू नका. बुकिंगच्या पानावर तारीख खुली दिसली तरच ती खुली.

तपासणी: पावतीवर चार गोष्टी बोट ठेवून वाचा. दाराचं नाव, तारीख, सकाळ की दुपार, आणि हजर राहायची वेळ. सफारीची वेळ आणि हजर राहायची वेळ एक नसते.

इशारा: "गेटवर माझी ओळख आहे, बुकिंग नको" असं सांगणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. जागा उरल्या तर फाटकावर रीतसर मिळतात; न उरल्या तर कुणाच्याही ओळखीने जिप्सी लांब होत नाही.

टप्पा २: आदला दिवस आणि मुक्काम

सकाळची सफारी हवी तर आदल्या रात्री वर, चिखलदऱ्यातच झोपा. परतवाड्यात राहून पहाटे घाट चढता येतो, पण हिवाळ्यात धुकं लागलं की तासाचे दीड-दोन तास होतात आणि फाटक कुणासाठी थांबत नाही. एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) निवासापासून साध्या लॉजपर्यंत सगळं वर आहे. शनिवार-रविवारी आणि डिसेंबरच्या सुट्टीत मात्र खोली आधी सांगून ठेवावी लागते.

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांनी बडनेरा किंवा अमरावती स्टेशन धरावं. अमरावतीहून परतवाडा साधारण ५० किलोमीटर, तिथून धामणगाव गढी, सलोना, मोथा या घाटाने चिखलदरा आणखी तिसेक किलोमीटर. दुसरा रस्ता घटांगवरून आहे. तो लांब, पण दाट सागवानातून जातो. दिवसाउजेडी वेळ हाताशी असेल तर चढताना घटांग आणि उतरताना मोथा करा. एसटीनेही येता येतं. मग वरच्या फिरण्यासाठी गाडी आदल्या संध्याकाळीच ठरवून टाका, सकाळी सहाला चौकात कुणी नसतं.

परतवाड्यात तीन कामं उरका: टाकी पूर्ण भरा, रोख पैसे काढा, औषधं घ्या. वर एटीएम आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका, आणि मोबाइलला रेंज नसली की यूपीआयही गेलं. अमरावतीत संध्याकाळी वेळ मिळाला तर गिला वडा खाऊन घ्या. त्याचा सहलीशी संबंध नाही, पण अमरावतीतून तो न खाता जाणं बरं नाही.

इशारा: घाटात वानरांना बिस्किटं-केळी देऊ नका. वन्यप्राण्यांना खाऊ घालणं बेकायदा आहेच, शिवाय खाऊ मिळायला लागल्यावर वानरं रस्ता सोडत नाहीत आणि गाड्यांखाली येतात. काच उघडी ठेवून फोटो काढणाऱ्यांची पर्स झाडावर गेलेली आहे.

टप्पा ३: पिशवी रात्रीच भरा

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. खाली अमरावतीत पंखा लागतो तेव्हाही वर पहाटे दात वाजतात, आणि उघड्या जिप्सीत वारा लागतो तो वेगळाच. कानटोपी, जाड जॅकेट आणि हातमोजे घ्या. नऊनंतर हे सगळं काढावं लागतं, म्हणून आत सुती शर्ट, तो खाकी, मातकट किंवा गडद हिरवा. लाल-पिवळा, चमकीचा, पांढराशुभ्र नको. अत्तर किंवा परफ्यूम अजिबात नको, त्याचं कारण किल्ल्याच्या टप्प्यात येतं.

पायांत पकड असलेले बूट. सँडलवर गाविलगडाचे दगड आणि कुसळं दोन्ही त्रास देतात.

पाणी माणशी दोन लिटर, स्टीलच्या किंवा पुन्हा वापरायच्या बाटलीत. किल्ल्यावर दुकान नाही, टपरी नाही. तळी आहेत, पण त्यांचं पाणी पिऊ नका. सोबत शेंगदाणा चिक्की, केळी, भाकरी-ठेचा असं काहीतरी. चिप्सची पाकिटं नकोत. सफारीत ती उघडली की आवाजाने पहिला पक्षी उडतो तो तुमचाच.

ओळखपत्र मूळ घ्या. मोबाइलमधला फोटो चालला तर नशीब. पावती छापून घ्या, कारण फाटकावर रेंज असेलच असं नाही.

टप्पा ४: फाटकावरचा अर्धा तास

सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. इथे मार्गदर्शक मिळतो, आणि तो ऐच्छिक नाही. प्रत्येक गाडीत वनविभागाकडे नोंदलेला स्थानिक मार्गदर्शक असतोच. बरेच जण आसपासच्या कोरकू किंवा गवळी वस्त्यांमधले असतात.

गाडी सुटण्याआधी त्याच्याशी दोन मिनिटं बोला. बहुतेक पर्यटक हे करत नाहीत आणि मग तीन तास "वाघ कुठे?" एवढंच विचारत बसतात. आधीच सांगा: तुम्हाला पक्षी पाहायचे आहेत की मोठे प्राणी, सोबत लहान मूल आहे का, कुणाला पाठीचा त्रास आहे का. पाठीचा त्रास असेल त्याला मागच्या सीटवर बसवू नका. मागचा धक्का सर्वांत जोरात लागतो.

तपासणी: गाडी हलण्याआधी प्रत्येकाचा फोन सायलेंट, फ्लॅश बंद, टोप्यांचे बंद बांधलेले.

टप्पा ५: सफारी, म्हणजे मार्गदर्शकाचं ऐकणं

एक गोष्ट आधीच मनाशी करा: मेळघाट म्हणजे ताडोबा नाही. हा प्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, वाघ इथे आहेत, पण जंगल डोंगराळ आहे, दऱ्या खोल आहेत आणि हिवाळ्यात गवत-झुडपं उंच असतात. वाघ दहा मीटरवर बसून राहिला तरी दिसणार नाही. वाघावर दिवस लावून आलेला माणूस इथून हमखास कडवट होऊन जातो.

वैराटकडची वाट मात्र भारी आहे. हा मेळघाटातला सर्वांत उंच भाग, ११७० मीटरच्या पुढचा. वैराट, पस्तलाई, चुर्णी या गावांचं पुनर्वसन झालं आणि जिथे शेतं होती तिथे आता गवताची माळरानं आहेत. रानगवे, सांबर, चौसिंगे आणि अस्वलं या भागात वावरतात. गवा उघड्यावर चरताना दिसायची शक्यता पहिल्या तासात जास्त, म्हणून सुरुवातीलाच फोटोसाठी गाडी दहा वेळा थांबवू नका.

मार्गदर्शक काय वाचतो, ते त्याला विचारून घ्या. तो एखाद्या झाडापाशी गाडी थांबवतो आणि खोडावर वर वर जाणाऱ्या चार-पाच समांतर ओरखड्यांवर बोट दाखवतो. मधाच्या पोळ्यासाठी चढलेल्या अस्वलाच्या नख्या. ओरखड्यातला चीक ओला असेल तर ताजा, काळा पडला असेल तर जुना. पुढे धुळीत पंजा: बोटांच्या पुढे नखांचे ठिपके उमटलेत म्हणजे रानकुत्रा, नाहीत म्हणजे मांजरकुळातलं कुणीतरी. सांबराचा "ढांक" असा एकच खणखणीत आवाज आला की तो हात वर करतो. तेव्हा गाडीतल्या सर्वांनी गप्प बसायचं, अगदी कॅमेऱ्याच्या बॅगेची चेनही ओढायची नाही. बिबट्या किंवा वाघ दिसला तर अशाच मिनिटांत दिसतो.

पक्ष्यांची आवड असेल तर रानपिंगळ्याचं नाव काढा. शंभराहून अधिक वर्षं नामशेष समजला गेलेला हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मेळघाटातही त्याची वस्ती आहे, आणि तो दिवसा वावरतो. दिसेलच असं नाही. पण विचारलंत की मार्गदर्शकाचा चेहरा बदलतो. वाघाखेरीज काही विचारणारं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नाही.

इशारा: गाडीतून उतरायचं नाही, उभं राहून सीटवर चढायचं नाही, आणि "शंभर रुपये जास्त घे पण आत घाल" असं चालकाला म्हणायचं नाही. ठरलेल्या वाटेबाहेर गाडी गेली तर दंड चालकाला होतो आणि काम मार्गदर्शकाचं जातं.

टप्पा ६: नाश्ता

परत आल्यावर गावात पोहे, चहा, तासभर विश्रांती. जॅकेट गाडीत टाका, पाणी भरून घ्या. इथे दोन तास घालवलेत की गाविलगड भर उन्हात येतो.

टप्पा ७: गाविलगड

किल्ला गावापासून दोनेक किलोमीटरवर. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असल्याने वनचौकीवर नोंद होते आणि प्रवेश शुल्क लागतं. नोंदवहीत माणसांचा खरा आकडा लिहा. संध्याकाळी परतलेल्यांची संख्या त्यावरूनच ताडून पाहतात.

वाटाड्या इथेही घ्या. सफारीचा मार्गदर्शक मोकळा असेल तर त्यालाच विचारा, मात्र मानधन आधी ठरवून. किल्ला फार पसरलेला आहे, आतल्या पायवाटा गवतात हरवतात आणि ओळखीच्या खुणा एकसारख्या दिसतात. लोक चुकतात ते बाहेरचा कोट संपून आतला सुरू होतो तिथे: पहिला दरवाजा पाहून, पडक्या तटावर फोटो काढून "झाला किल्ला" म्हणत परत फिरतात. खरं पाहण्यासारखं पुढे आहे.

१. आत गेल्यावर प्रवेशाची दारं एकामागून एक लागतात. शार्दूल दरवाजापाशी थांबा आणि मान वर करा. दगडात कोरलेले शार्दूल (वाघ-सिंहासारखा काल्पनिक प्राणी) आणि गंडभेरुंड (दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी) तिथे आहेत. सकाळची तिरकी उन्हं असताना कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी बारानंतर ते सपाट दिसायला लागतं.

२. तिथून तटाच्या कडेकडेने नाही, मधल्या वाटेने वर मोठ्या मशिदीकडे जा. ती उंचावर असल्याने पुढचा सगळा किल्ला तिथून समजतो. कमानी पडझडीला आल्यात, त्यांच्याखाली बसून डबा उघडू नका.

३. उतरताना तळी आणि तोफा. तोफेवर पोरांना घोडा करून बसवण्याची हौस आवरा.

४. बुरुजाच्या टोकावर जायचं तर एकेकाने. कठडा नाही, आणि गवताखाली तट कुठे संपतो ते दिसत नाही.

इशारा: कमानींत आणि कड्याला आग्या मोहोळं असतात. अत्तराचा वास, धूर, ड्रोनची घरघर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. उठलीच तर हात झाडत उभं राहू नका. तोंड कापडाने झाका आणि आल्या वाटेने लांब निघा. पाण्यात उडी मारणं हा उपाय नाही, तळ्यांचा तळ आणि गाळ दोन्ही धोक्याचे आहेत.

तपासणी: दीड तास झाला की घड्याळ पाहा. अर्धं पाणी संपलं असेल तर, किल्ल्याचं पाहायचं कितीही थोडं उरलं असलं तरी, परत फिरा. वयस्कर माणसं सोबत असतील तर त्यांना पहिल्या दरवाजाशी "इथेच बसा" म्हणून एकटं सोडू नका. हे जंगल आहे, बाग नव्हे. एक जण त्यांच्यासोबत राहिला पाहिजे.

टप्पा ८: जेवण आणि फक्त दोन पॉइंट

साधी जेवणाची ताटं गावात मिळतात. गर्दीच्या दिवशी किल्ल्यावर जाण्याआधीच सांगून जा. मोथ्याकडे गवळ्यांचा खवा आणि रबडी मिळते, हिवाळ्यात स्ट्रॉबेरीही.

पॉइंट दोनच करा. माझी निवड: भीमकुंड आणि देवी पॉइंट. पंचबोलला पाच प्रतिध्वनी येतात म्हणून सगळे ओरडायला जातात, आणि शनिवारी तिथे इतके जण एकदम ओरडत असतात की पाचवा आवाज तुमचा की वरूडच्या सहलीतल्या मास्तरांचा, कळत नाही. कड्यावर कठड्यापलीकडे जाऊन सेल्फी काढू नका. कड्याची किनार मुरमाची आहे, ती पायाखालून सुटते.

टप्पा ९: घाट उतरताना

सूर्यास्त वरच पाहायचा मोह होतो. पाहायचा असेल तर चालकाला घाटाची सवय असली पाहिजे. नसेल तर साडेचारला निघा.

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबत उतरलं की ब्रेक तापतात आणि जळका वास येतो. वास आला तर रुंद जागी गाडी थांबवून वीस मिनिटं गार होऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका. न्यूट्रलमध्ये कधीही नाही. धुक्यात हेडलाइट अप्पर ठेवले तर समोर पांढरी भिंत दिसते, डिपर ठेवा. चढत्या गाडीला आधी वाट द्या.

काही दुखलं-खुपलं तर चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, त्यापुढची सोय अचलपूरला.

उन्हाळा आणि पावसाळा

मार्च ते मे: पानगळीमुळे सागवान उघडं पडतं, प्राणी पाणवठ्यावर येतात, त्यामुळे सफारीला हे दिवस उत्तम. पण सफारीनंतर किल्ला म्हणजे ऊन लागणं. या महिन्यांत क्रम उलटा करा: किल्ला पहिल्या उजेडात, दुपारी झोप, सफारी दुपारची, आणि त्या रात्रीही मुक्काम वरच.

जुलै ते सप्टेंबर: गाभ्यातली (जंगलाच्या आतल्या, कोअर भागातली) सफारी पावसाळ्यात बंद असते, तेव्हा जंगलाचा टप्पा काढून टाका. उरतात धबधबे आणि किल्ला. शेवाळलेल्या दगडांवर किल्ला करायचा की नाही, हे चौकीवरच्या माणसाला विचारा. तो नको म्हणाला तर नको. शनिवार-रविवारी मोथा घाटात गाड्यांची रांग लागते. मधल्या वारी या. भीमकुंडाच्या पाण्यात उतरू नका, वर पाऊस झाला की खाली ते एकदम चढतं.